दोन बोटं उंच चाक

कवडू पटल्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. घरात घड्याळ नव्हतं. घड्याळ चांद्याच्या पोटात होतं. चांद्या म्हणजे उजव्या अंगाचा बैल. तो साडेतीनला उठून उभा राही, गळ्यातली घाटी एकदा हलवी, आणि मालक उठेपर्यंत खुंट्यावर शिंग घासत राही. एकदा दवनीवाड्यात मुक्कामाला आलेल्या पटवाऱ्याने खिशातलं घड्याळ काढून तीन दिवस पडताळून पाहिलं होतं. तिन्ही दिवस साडेतीन. पटवाऱ्याने घड्याळाला चावी दिली आणि बैलाला नमस्कार केला, असं गावात सांगत.

चांद्याच्या घाटीबरोबर कवडू उठे आणि त्याची बायको देवकाबाईही उठे. कवडू बैलांची बंडी जुंपायला जाई, देवकाबाई घागरी घेऊन पाण्याला. पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. उजाडल्यावर तिथे बायांची रांग लागे, म्हणून पहिल्या दोन खेपा अंधारातच उरकाव्या लागत. दिवसाच्या एकूण नऊ.

कवडू भाड्याने बंडी हाकायचा. पौषात धान निघालं की मृगापर्यंत दवनीवाड्याचं धान गोंदियाच्या गिरण्यांत पोचवायचं. सहा-सात कोसांची वाट. दहा पोती आदल्या संध्याकाळीच भरलेली असत. पहाटे आसाला एरंडीचं तेल, दोन्ही बैलांच्या मानेवरून हात, आठही खुरांखाली नजर, मग जू. चारला बंडी गावाबाहेर. नवाच्या पुढेमागे गिरणी. पोती उतरवून बैलांना पाणी-वैरण, आपण रात्रीचा भात आणि जवसाची चटणी, आणि परत. दुसऱ्या दिवशी बैलांना सुट्टी. कवडूला नाही.

ही सुट्टीची गोष्ट देवकाबाईने एकदाच काढली होती. दोन वर्षांमागे. नववी घागर चुलीपाशी ठेवून ती म्हणाली, "अजी, तुमच्या चांद्या-मोऱ्याले दिवसाआड सुट्टी. मले कायची?"

दुसऱ्या दिवशी कवडूने परसात कुदळ मारली.

दोन हिवाळे बैलांच्या सुट्टीच्या दिवशी तो खणत होता. वरची माती एकट्याने काढली, खालच्या मुरमाला बेलदार लावला. चौदा हातांवर पाणी लागलं. छत्तीस सालचा माघ होता. देवकाबाईने वाकून पाहिलं, तिला तळाशी तिचंच तोंड दिसलं. गोड पाणी.

पण नुसतं पाणी लागून विहीर होत नाही. वरचे सात हात चिकण माती. पावसाळ्याआधी आतून दगड लावला नाही, तर पहिल्याच झडीत भिंत बसणार, दोन हिवाळ्यांचं खणणं पुन्हा भुईसपाट. बेलदाराने बोटं मोडून सांगितलं, अठ्ठेचाळीस बंड्या दगड. खाण गोंदियाच्या वाटेवरच होती. म्हणजे जाताना भाड्याचं धान, येताना विहिरीचा दगड. धानाच्या भाड्यातून खाणवाल्याला आणि बेलदाराला द्यायचं. होळीच्या पंधरा दिवस आधी सुरुवात केली, तर मृगापर्यंत दिवसाआड चोपन्न खेपा होत होत्या. लागणार अठ्ठेचाळीस. सहा खेपा शिल्लक. बैल आजारी पडणं, लग्नकार्य, मर्तिक, काय ते त्या सहांत बसवायचं.

कवडूने हिशेब तीनदा केला. मोटारगाडी त्यात कुठेच नव्हती.

नवव्या खेपेला, गोंदिया अर्धा कोस राहिलं असताना, मागून भोंगा वाजला. ऊन चांगलं वर आलं होतं. कवडूच्या मागे गावच्याच आणखी तीन बंड्या होत्या, पण त्या नाल्यापाशी बैलांना पाणी पाजत थांबल्या होत्या. कवडूने बंडी डाव्या अंगाला घेतली, पार गवतात. उजव्या बाजूला सडकेच्या कामाची गिट्टी ढीग करून टाकलेली. मोटार जोरात होती. ढिगाजवळ आल्यावर मोटारवाल्याला ढीग दिसला, आणि त्याने चाक बंडीकडे वळवलं.

आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा झाला. बंडीच्या उजव्या चाकाचे पाच आरे तुटले, चाकाभोवतीची लोखंडी धाव उडून घरंगळत पुढे गेली, आणि बंडी उजव्या कुशीवर बसली. एक पोतं फाटलं. धान धुळीत.

मोटार पंधरा हातांवर थांबली. पुढच्या जागेवरून काळा चष्मा लावलेला ड्रायव्हर ओरडला, "ए बंडीवाले! हॉर्न सुनाई नहीं देता? बीच रास्ते में चल रहा था!"

कवडूने आधी जू सोडलं. चांद्याचे पाय पाहिले, मोऱ्याचे पाय पाहिले. दोघेही धड. मग चाक पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. तो दार उघडून एक पाय खाली टाकत होता.

"उतरू नको. पाय वर घे."

"काहे?"

"धुळीत चाकाच्या रेघा आहेत. पुसून जातीन."

मागच्या जागेवर जाड अंगाचे एक गृहस्थ बसले होते. हे दुलीचंद शेठ. गोंदियात त्यांची तांदळाची गिरणी, दवनीवाड्याचं निम्मं धान त्यांच्याकडेच जाई, कवडूच्या बंडीतलंसुद्धा. मोटार घेऊन त्यांना महिना झाला होता. ड्रायव्हर छोटेलाल मोटारीबरोबरच आला होता, जणू सुटा भाग. शेठजींनी मान बाहेर काढली.

कवडू रस्त्याच्या कडेने, रेघ न मोडता चालत आला आणि बैल हाकायच्या पराणीच्या टोकाने दाखवू लागला. "हे माह्या बंडीचं, शेठजी. सकारपासून एका चाकोरीनं येऊन राहिलो. इथं भोंगा वाजला. इथून मी डाव्या अंगाले घेतलं, हे पाहा गवत चेंगरलं. आन हे रबराचं. सरळ येऊन राहिलं, येऊन राहिलं, आन इथं आलं गवतात माह्या पाहुनचाराले."

शेठजींनी खाली वाकून नीट पाहिलं. व्यापारी माणूस, दाण्यातला खडा ओळखणारा. "छोटेलाल, ये टायर किसका है?"

"शेठजी, उधर गिट्टी पड़ी थी, तो..."

"मैं गिट्टी से नहीं पूछ रहा."

छोटेलालने चष्मा काढला. चष्म्याखाली अगदीच घाबरलेला माणूस होता.

शेठजींनी खिशात हात घातला. कवडू म्हणाला, "पैसा राहू द्या. तीन गोष्टी गेल्या माह्या. एक चाक. एक दिवस. आन हे पोतं. चाक तुमी द्या, मोटार तुमची आहे. धान यानं भरून द्यावं, इथंच, आत्ता. दिवस यानंच द्यावा, मंग कधी."

"दिन कैसे देगा कोई?" छोटेलालला खरंच कळलं नव्हतं.

"माही विहीर बांधनं चालू आहे. एक दिवस येऊन दगड उचल. माहा दिवस गेला, तुहा दिवस दे. फिटलं."

शेठजी हसले, पोट हलेपर्यंत हसले. "जायेगा! मैं भेजूंगा." आणि गिरणीचा भोंगा व्हायच्या आत पोचायचं म्हणून ते तिथून पायीच निघाले, कारण छोटेलालला धान भरायचं होतं. जवळच्या घरातून कवडूने सूप आणलं. खाकी कोट काढून छोटेलाल धुळीतून धान वेचायला बसला. सूप कसं झटकतात हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्या झटक्याला धान गेलं आणि खडे राहिले. कवडूने एकदा करून दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं नाही. दोन तास लागले. पोतं पायलीभर कमी भरलं. ते कवडूने सोडून दिलं.

तोवर मागच्या तीन बंड्या आल्या. त्यांनी दहा पोती वाटून घेतली. मोडकी बंडी दगडावर टेकवून कवडू बैल घेऊन पायी घरी आला. दगड न आणता. सहातली एक खेप गेली.

चाक येईपर्यंत दुसरीही गेली. पण शेठजी बोलल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी खुद्द आले. पुढे मोटार, मागे गिरणीच्या बंडीत चाक. स्टेशनजवळच्या कारखान्यातलं, अगदी नवं, काळं तेल दिलेलं, उन्हात चकाकणारं. अर्धा गाव जमला. मोडकी बंडी गाववाल्यांनी आदल्या दिवशीच ओढून आणली होती.

कवडूने चाक भुईवर आडवं करून तपासलं. एकेक आरा ठोकला, कान लावला. मधला तुंबा पाहिला, त्याला भेग नव्हती. धाव बोटाने चाचपली, कुठे फट नाही. घाईने घ्यावं असा तो माणूस नव्हता. शेवटी म्हणाला, "काम चोख आहे."

या भागात नवं चाक असंच चढत नाही. देवकाबाईने चाकाला हळदकुंकू लावलं. कवडूने नारळ फोडला. आणि इथला रिवाज असा की नुकसानीच्या वादात फोडलेला नारळ दोघांनी मिळून खायचा, चारचौघांत. खोबरं तोंडात गेलं की वाद संपला. मग त्यावर तोंड उघडायचं नाही. कवडूने एक तुकडा शेठजींना दिला, एक स्वतः खाल्ला. "भरून पावलं, शेठजी. तुमचं-माहं झालं."

छोटेलालनेही एक तुकडा मागून घेतला.

चौथ्या दिवशी पहाटे बंडी निघाली. थोडी वाट गेल्यावर कवडूला मागून सारखं काही सरकल्यासारखं वाटू लागलं. थांबून पोती नीट रचली. नाल्याच्या पुढे पुन्हा थांबला, पुन्हा रचली. पोती डावीकडे जात होती. त्याला वाटलं, आपणच भरताना चुकलो. येताना दगडाचंही तेच. दगड तर पोत्यांसारखा दबून बसत नाही. अर्धा खाणीवरच उतरवून ठेवावा लागला. अर्धी खेप गेली.

गावात शिरताना खुशाल मिस्त्री समोर आला. खुशाल हा गावचा सुतार; कवडूची बंडी बारा वर्षांपूर्वी त्यानेच बनवलेली. आठ दिवस तो बाहेरगावी नांगरांच्या कामाला होता, चाकाचा सोहळा त्याने पाहिला नव्हता. त्याने लांबूनच हाक मारली, "कवडूभाऊ! बंडी काऊन झिंगून राहिली? मोहाची पाजली का तिले?"

"नवं चाक आहे, मिस्त्री."

"तेच तं दिसून राहिलं. एक पाय नवा, एक पाय म्हातारा."

खुशाल खाली बसला. उजव्या चाकाच्या मधोमध काठी उभी धरून त्याने नखाने खूण केली, तीच काठी डाव्या चाकाशी लावली. खुणेत आणि तुंब्यात दोन बोटं जात होती.

"दोन बोटं," खुशाल म्हणाला. "तुह्या डाव्या चाकाची धाव मी तीनदा उतरवली. दर बारीले लाकूड सुकून ढिलं होते, मी थोडं तासतो, धाव आखूड करतो, पुन्हा चढवतो. चाक लहान होत जाते. दोनी संगं लहान झाले, म्हनून तुले कधी समजलं नाही. आता एक नवं आलं, तेही शहरी मापाचं."

कवडू तिथेच उभा राहिला. आरे ठोकले होते, तुंबा पाहिला होता, धाव चाचपली होती. उंची पाहिली नव्हती. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्याच्या कामातलं एक बोट सोडत नव्हता, त्याने स्वतःच्या बंडीतली दोन बोटं सोडली होती. त्याने मोऱ्याच्या मानेवर हात ठेवला. मोऱ्या डाव्या अंगाचा. बंडी डावीकडे कलली की जूही त्याच अंगाला खाली जाणार. मान गरम होती आणि जरा फुगली होती.

"तासून द्या नवं चाक, मिस्त्री."

"देतो म्हनलं तं देतो," खुशाल उठत म्हणाला. "पन चांगल्या नव्या चाकाचं लाकूड काढून त्याले म्हातारं करनं मले पटत नाही. वीस वर्सांचं चाक, दहाचं होईन. आन धाव तोडून पुन्हा जोडाले चार दिवस. आहेत का तुह्यापाशी चार दिवस?"

शिल्लक होत्या साडेतीन खेपा. चार दिवस म्हणजे दोन खेपा गेल्या. मग दीडच उरणार, आणि अजून चैत्र लागायचा होता.

जेवताना कवडूने दोन बोटांची गोष्ट सांगितली. देवकाबाई वाढत होती.

"शेठजीले सांगा."

"कसं सांगू? चारचौघांत खोबरं खाल्लं मी. भरून पावलं म्हनलं."

"तुमी खाल्लं," देवकाबाई म्हणाली. "मोऱ्यानं खाल्लं का?"

कवडूचा हात ताटातच थांबला.

"विहीर ढासळली तं माह्या नऊ खेपा तशाच राहतीन. राहू द्या. मी चालन. पन मुक्या जनावराच्या मानेवर तुमची अब्रू कायले ठेवता?" आणि तिने भात वाढला, नको म्हणायच्या आत.

पुढच्या खेपेला कवडूने दहाच्या जागी सहा पोती भरली. जुवाखाली मोऱ्याच्या मानेवर कांबळ्याची घडी घातली. गिरणीत पोती उतरवली आणि सरळ शेठजींच्या गादीपाशी गेला. बाजूला पुरुषभर उंच काटा, दोन पारडी साखळ्यांनी लटकलेली. शेठजी पान लावत होते.

"काय कवडू? कसं आहे चाक?"

"चाक उत्तम आहे, शेठजी. फार उत्तम आहे. म्हनूनच आलो."

त्याने सगळं सांगितलं. दिवाणजी, हमाल, काट्यावरचा माणूस ऐकत होते. शेवटी शेठजींनी पानाचा डबा बंद केला.

"मतलब, मी तुला जुन्याच्या बदली नवा दिला, आणि तू रडायला आला? नारळ खाल्ला होता ना?"

"मी खाल्ला, शेठजी. मोऱ्यानं नाही खाल्ला."

हमाल खिदळले. शेठजीही हसू दाबत होते, पण व्यापार तो व्यापार. "दोन बोटांनी काय होते? लोक टांग्यात बसतात, तो तर दिवसभर हलते."

कवडूने काट्याकडे बोट केलं. "याचं एक पारडं दोन बोटं खाली राहिलं तं चालन का?"

"पारडं वेगळं!"

"मंग चला. बसा माह्या बंडीत. स्टेशनाच्या फाटकापर्यंत आन परत. काही नाही झालं तं मी गप घरी जातो, पुन्हा तोंड नाही उघडत."

हमाल पोती टाकून पुढे आले. शेठजींना माघार घेता येईना. ते उठले, पानाचा डबा काखेत मारून बंडीत चढले आणि मधोमध मांडी घालून बसले. कवडूने बैल अगदी हळू हाकले. फक्त मोऱ्याला ओझं नको म्हणून नव्हे. त्याला कुणी म्हणायला नको होतं की मुद्दाम धक्के दिले.

पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मग पानाचा डबा सरकून डाव्या फळीला लागला. शेठजींनी तो उचलून पुन्हा मध्ये ठेवला. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा डबा उचलायला शेठजी वाकले आणि डब्याच्या मागोमाग स्वतःच गेले. डाव्या फळीला पाठ लावून, पाय उजवीकडे, अशा अवस्थेत ते बाजारातून निघाले. एक भाजीवाली टोपली डोक्यावरून उतरवून म्हणाली, "शेठजी, मोटारीनं हाकललं का?"

"चूप बाई!" शेठजी म्हणाले, पण हसतच. फाटकापाशी ते स्वतः खाली उतरले. परत बसले नाहीत. बंडीला वळसा घालून मोऱ्यापाशी गेले, कांबळ्याची घडी वर केली आणि फुगलेली मान पाहिली. तराजूच्या माणसाला दोन बोटांचा अर्थ तिथे कळला.

"चल कारखान्यात," ते म्हणाले.

कारखान्यात गंमत निघाली. कारखानदार चाकं जोडीनेच बनवतो. शेठजींनी एकच नेलं म्हणून दुसरं तेव्हापासून कोपऱ्यात उभं होतं. एकटं चाक कोण घेणार? रोज येता-जाता त्याला ते चाक अडत होतं. शेठजींना पाहताच तो पुढे आला, आणि निम्म्या भावात दिलं. त्याच जागी डावं चाक बदललं. कवडूने या वेळी काठी धरून दोन्ही तुंब्यांची उंची तपासली. एकदा नव्हे, तीनदा. मग बंडी चार पावलं ओढून पाहिली. हलकी, सरळ.

आता शेठजी जायला निघाले, तर कवडूने त्यांना थांबवलं.

"शेठजी, हिशेब चुकून राहिला."

"अब क्या?"

"माहं एक जुनं चाक मोडलं. आता दोन नवी आली. हे जुनं डावं चाक तुमी घेऊन जा. आन तरी जास्तच होते. एका चाकाचं म्हना तं चाळीस पोती तुमची फुकट आनतो."

शेठजी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या उभ्या व्यापारात समोरचा माणूस या बाजूने भाव करताना त्यांनी पाहिला नव्हता. "अरे, मोटर माझी होती! मी तुझा चाक तोडला. एकही नको."

"चाळीस."

"एकही नाही!"

"तुमची मोटार होती हे खरं. पन वीस वर्सांचं चाक मले अख्खं मिळालं, हेही खरं. फुकटाचं चाक माह्या आसावर नीट नाही फिरनार."

"मग दहा."

"तीस."

कारखानदार एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. उलट्या दिशेची ही घासाघीस वीस पोत्यांवर थांबली. कारखानदाराने गूळ आणला, कारण नारळ आता दोघांनाही नको होता.

घरी आल्यावर देवकाबाईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "विहिरीचा दगड यायचा आहे, आन तुमी फुकट पोती आनाले कबूल झाले?"

"नवी चाकं हलकी लोटतात," कवडू म्हणाला. "दहाच्या जागी बारा भरतो. दहाचं भाडं आपलं, दोन पोती शेठजीची. दहा खेपांत फिटलं. मंग बाराचं भाडं आपलं."

देवकाबाईने मनात बेरीज केली. मग ती चुलीकडे वळली, म्हणजे बरोबर होती.

मोऱ्याला मान बसेपर्यंत सुट्टी दिली, त्यात एक खेप गेली. पण पुढे दगडही भरभरून येऊ लागला, आणि चैत्र संपताना बेलदाराचं काम वर सरकलं.

तेव्हा छोटेलालचा दिवस आला. शेठजींनी त्याला मोटारीने नव्हे, कवडूच्याच बंडीतून पाठवला, दगडावर बसवून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कवडूने त्याला उठवलं. दुपारपर्यंत त्याने दगड वाहिले, मग बेलदाराच्या हाताखाली बसून एक थर स्वतः लावला. हात सोलले. चारच्या सुमारास तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हो गया न भैया, एक दिन?"

"माहा दिवस साडेतीनले सुरू होते," कवडू म्हणाला. "तुले सहाले उठवलं. दिवेलागनीपर्यंत चाल."

"इससे तो मोटर चलाना आसान है."

"तेच तं सांगून राहिलो. सोपं काम आहे तं नीट कर."

छोटेलाल दिवेलागणीपर्यंत राबला. देवकाबाईने त्याला पोटभर भात वाढला, वर अंबाडीची भाजी. जाताना तो विहिरीत वाकून आपला थर पाहून गेला. त्यातला एक दगड दोन बोटं बाहेर होता. बेलदार काढून नीट बसवतो म्हणाला. कवडूने राहू दिला. वर्षाकाठी गाळ काढायला उतरताना पाय टेकायला बरा.

मृगाच्या पाच दिवस आधी शेवटचा दगड बसला. वर आडवं लाकूड, त्याला कप्पी, कप्पीत नवा दोर.

त्या हंगामात कवडूने पंचेचाळीस खेपा केल्या, आणि नव्या चाकांवर पंचेचाळिसांत अठ्ठेचाळीस बंड्यांचा दगड बसला. सगळी मजुरी दगडात, बेलदारात आणि त्या दोरात गेली. घरात नवं लुगडं आलं नाही, बैलांना नवी झूल आली नाही. लोक म्हणाले, शेठ देत होता तेवढं घेतलं असतं तर लुगडंही आलं असतं.

दोर बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला चांद्या उठला. घाटी हलवली. कवडू उठला, बंडीपाशी गेला, आसाला तेल घातलं. मागे वळून पाहिलं तर देवकाबाई उठलीच नव्हती.

"अवं, उठ ना. पानी."

"पानी परसात आहे," ती गोधडीतून म्हणाली. "चांद्या तुमचा. तुमीच उठा."

आणि कूस बदलून ती पुन्हा झोपली, उजाडेपर्यंत. कवडूने दार हलक्या हाताने ओढून घेतलं आणि बंडी अंगणाच्या फाटकापर्यंत बैलांच्या घाट्या मुठीत धरून नेली.